ओढून बघणारे सानप हवालदार

सानप हवालदार दुकानात आले की आधी नमस्कार करत नसत, आधी कुलूप ओढत. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात दाराशीच एका फळीवर खिळे ठोकून कुलपं टांगलेली असतात. हवालदार मोटरसायकल स्टँडवर लावणार, टोपी काखेत मारणार आणि फळीवरचं एखादं कुलूप धरून असा हिसका देणार की माळ्यावरच्या बादल्या वाजायच्या. कुलूप उघडलं की ते काउंटरवर ठेवून म्हणायचे, "शेठ, हे इकू नका." आणि मग नमस्कार.

आता तुम्हीच सांगा, भर बाजाराच्या दिवशी समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना हे कुठल्या दुकानदाराला गोड लागेल? पहिल्या महिन्यात मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. उघड घालायची सोय नव्हती, कारण माणूस खाकीतला होता. आणि खरं सांगायचं तर जे कुलूप त्यांनी उघडलं ते खरंच भिकार निघायचं, तेव्हा बोलणार तरी काय?

आमचं गाव शेवगावच्या बाजूला. हवालदार संगमनेरकडचे, नोकरीची शेवटची काही वर्षं आमच्या चौकीत बदलून आले होते. बायको वारलेली. चौकीमागच्या एका खोलीत एकटेच राहायचे आणि सुट्टीला संगमनेरला घरी जाऊन यायचे. त्याच सुमारास वरून आदेश आला, की पोलिसांनी लोकांमध्ये बसावं, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यावीत. बाकी ठिकाणी एक फोटो काढला आणि झालं. सानप हवालदारांनी तो आदेश मनावर घेतला. दर गुरुवारी बाजार उठता उठता चौकीसमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकायची, मांडीवर टोपी ठेवायची आणि म्हणायचं, "इचारा." भाषण नाही, प्रस्तावना नाही.

लोकही काय एकेक विचारायचे! शाळेतल्या बाईंनी विचारलं, "फोनवर कोणी पोलीस म्हणून बोललं आणि अटक करतो म्हणालं, तर काय करायचं?"

"फोन ठिवायचा," हवालदार म्हणाले. "म्या इतकी वर्षं नोकरी केली, बाई, फोनवर कुनाला अटक करता आली न्हाई. समोर धरलेला मानूस पळून जातोय, तिथं फोनवरचा कसा घावंल?"

गणपत म्हशीवाल्याने विचारलं, "म्हैस सापडंना तर किती वेळानं चोरी झाली म्हनायची?" हवालदार म्हणाले, "आधी शेजाऱ्याच्या घासात बघ. मंग माझ्याकडं ये." म्हैस शेजाऱ्याच्या घासाच्या वाफ्यातच चरत होती. एका बाईने विचारलं, दारावर येऊन सोनं पॉलिश करून देतात, ते खरंच उजळतं का? "लई उजळतं," हवालदार म्हणाले, "इतकं की परत दिसतच न्हाई."

पण प्रश्न कुठलाही असो, उत्तराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: "वढून बघितलं का?" कुलूप, खिडकीचा गज, विहिरीवरच्या मोटारीची केबल, बैलाचं दावं, सगळं आधी ओढून बघायचं. एकदा दगडूतात्यांनी नातीसाठी आलेल्या स्थळाबद्दल विचारलं, मुलगा चांगला वाटतो, पुढं जावं का? हवालदार सवयीने म्हणाले, "वढून बघितलं का?" सगळा लिंब हसला. हवालदार मात्र हसले नाहीत. टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोरीला इचारा. तिला आवडलाय का, त्ये इचारा आधी." त्या दिवशी बैठक लवकर उठली.

त्यांची खरी धांदल दसऱ्यानंतर. आमच्या पट्ट्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि चार-पाच महिने दारांना कुलपं असतात. त्या घरांची यादी हवालदार वहीत करायचे आणि रोज गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक कुलूप ओढून बघायचे. निघायच्या आधीच्या दोन-तीन गुरुवारी सगळी मंडळी लिंबाखाली जमायची. असंच एकदा गंगूबाईंनी विचारलं, "कुलूप तर चांगलं घेतलंय सायेब, आता घराला धोका न्हाई ना?"

"किल्ली कुठं ठिवता?"

"ती बरी सांगंन मी!" गंगूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मी सांगतो. चौकटीवर, डाव्या हाताला, चिंधीत. शिवाजीराव, तुमची तुळशीखाली. दगडूतात्या, तुमची बंबात." एकेकाचं तोंड उघडंच राहिलं. आमच्या गावाची ही खोडच आहे, की मजबूत कुलूप लावायचं आणि किल्ली मात्र आज्यापणज्यापासून चालत आलेल्या जागी ठेवायची. त्या संध्याकाळी गावभर किल्ल्यांच्या जागा बदलल्या. पुढच्या गुरुवारी हवालदारांनी नव्या जागाही सांगितल्या. शिवाजीरावांनी तर आपली किल्ली इतकी लपवली की त्यांनाच सापडेना. शेवटी हवालदारांनाच विचारायला गेले. ती बैलगाडीच्या जुवाखाली होती.

माझा धंदा मात्र त्यांच्यामुळे सुधारला, हे कबूल केलं पाहिजे. मी भिकार कुलपं ठेवणंच सोडून दिलं. "सानप हवालदारांनी ओढलेलं द्या," असं गिऱ्हाईक मागायला लागलं.

एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. "साहेब, तुमच्या संगमनेरच्या घराला कुठलं कुलूप?" हे कोणी ना कोणी दर दोन-चार गुरुवारी विचारायचंच. ते म्हणायचे, "फुडचा प्रश्न." मला राग यायचा. साऱ्या गावाला माझ्या दुकानातून कुलपं घ्यायला लावणारा हा माणूस स्वतः एकही घेत नव्हता. म्हटलं, संगमनेरला कुठल्या तरी मोठ्या दुकानातून घेतलं असेल आणि सांगायला लाजत असेल.

गावाला त्यांच्या घरातलं एवढंच ठाऊक होतं, की एकुलती एक मुलगी आहे, तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती पुण्याला असते. बापलेकीचं बोलणं नाही. एकदा चहा पिता पिता मी सहज म्हणालो, "आता रिटायर झालात की मुलीकडं जाऊन राहा." त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ती आली तर म्या जाईन ना, शेठ." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. रिटायर झाल्यावर त्या रिकाम्या घरात हा माणूस काय करणार, याची मात्र मलाच काळजी लागून राहिली.

जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही सकाळी यादीतलं एकूण एक कुलूप ओढून आले आणि वही नव्या अंमलदाराच्या हातात दिली. संध्याकाळी लिंबाखाली सत्कार झाला. शाल-नारळ तर होताच, पण भेट काय द्यायची यावर कोणाचंच दुमत नव्हतं. माझ्या दुकानातलं सगळ्यात भारी, सात लिव्हरचं पितळी कुलूप दिलं. हवालदारांनी ते तिथल्या तिथे तीनदा ओढलं. हललं नाही. "शेठ, हे इका," ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती उगाच फुगली. गंगूबाई त्या वर्षी तोडीला गेल्या नव्हत्या, त्या मागून ओरडल्या, "आता तरी सांगा, घराला कंचं कुलूप हाय?" हवालदार हसले आणि खाली बसले.

मार्चमध्ये एका लग्नासाठी मला संगमनेरला जावं लागलं. म्हटलं, आपलं कुलूप दारावर कसं दिसतं ते बघून यावं. पत्ता शोधत दुपारी पोचलो. घर बंद होतं, आणि दाराला लटकत होतं एक एवढंसं, गंजकं, पत्र्याच्या पेटीला लावतात तसलं कुलूप. माझं डोकंच फिरलं. गावाने प्रेमाने दिलेलं कुलूप गेलं कुठं? मी रागारागात ते कुलूप धरलं आणि हिसका दिला. ते उघडून माझ्या हातात आलं.

"बघितलं का वढून?" मागून आवाज आला. हवालदार दुधाची किटली घेऊन उभे होते. माझी अवस्था चोरीच्या मालासकट पकडल्यासारखी झाली.

त्यांनी मला आत नेलं, चहा टाकला. आपलं पितळी कुलूप फडताळात होतं, खोक्यासकट, तिन्ही किल्ल्या तशाच तारेत ओवलेल्या.

"पोरीनं लग्न केलं त्या दिशी रागानं कुलूप बदललं म्या," ते चहा गाळता गाळता म्हणाले. "चांगलं भारीतलं लावलं. वरीसभरानं ती आली हुती. म्या ड्युटीवर. तिच्याकडं जुनी किल्ली. लावली, फिरंना. घंटाभर पायरीवर बसली आन गेली. शेजारनीनं सांगितलं मला. तवापासनं जुनं कुलूप लावलंय. ह्याची किल्ली तिच्यापाशी हाय."

"अहो, पण चोर आला तर? हे तर हिसक्यात उघडतं."

"चोराला उघडू द्या. तिला हिसका देता येत न्हाई, शेठ. ती किल्लीच लावनार."

या माणसाने दर गुरुवारी जे उत्तर टाळलं, ते हे होतं. मी इतकंच विचारलं, "तुम्ही तिला फोन का नाही करत?" ते म्हणाले, "करतो. उचलती. पर कोनच बोलत न्हाई, ना ती, ना मी."

मी कुलूप हातात घेऊन बघितलं. आत गंज धरला होता. खरी किल्लीसुद्धा अडकत होती. तेल आहे का विचारलं, तर त्यांनी कोपऱ्यातल्या झाकलेल्या शिलाई मशीनच्या खणातून एक बाटली काढून दिली. मशीन मुलीचं होतं. मी कुलपात तेलाचे चार थेंब सोडले, किल्ली आत-बाहेर केली, पुसलं, परत सोडलं. अर्ध्या तासाने किल्ली अलगद फिरायला लागली. हवालदारांनी स्वतः आठ-दहा वेळा फिरवून बघितली. "आता तिला तरास न्हाई," ते म्हणाले.

मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला ते निघाले. बाहेर येऊन त्यांनी ते गंजकं कुलूप कडीत अडकवलं, हळूच दाबलं आणि किल्ली खिशात टाकली. मग टोपीची सवय असलेला हात डोक्यावरून फिरवला आणि चालायला लागले. कुलूप ओढून बघितलं नाही.