वनराजांचा श्रावण आणि सगुणाबाईचं फेटा चीज

एका जंगलात, मुलांनो, श्रावण पाळणारा एक सिंह राहत होता. हसू नका, असे सिंह तुमच्याही नात्यात असतील.

प्रचंडराव महाराज नियमाचे पक्के. महिनाभर मांसाला शिवायचं नाही म्हणजे नाही. पण पहिल्या आठवड्यातच त्यांना साबुदाण्याचा वीट आला. उकडलेलं रताळं पुढ्यात आलं की ते डोळे मिटून घेत, आणि डोळे मिटले की त्यांना मेंढी दिसे.

शेवटी त्यांनी हुकूम काढला. श्रावण संपला की पारणं सगुणाबाई मेंढीवर. मात्र त्याआधी तिने श्रावणात चालणारा, तोंडाला चव आणणारा एखादा पदार्थ खिलवला, तर तिला कायमची माफी.

सगुणाबाई साधी, लेकीसुनांत रमणारी मेंढी. पारण्याला कोणी बोलावलं तर आपण खूश होतो, पण इथे तिचंच पारणं व्हायचं होतं.

मग तिला आठवलं. मागच्या हिवाळ्यात ग्रीस देशाकडून एक करकोचा आला होता. त्याने तिला तिकडचं एक चीज शिकवलं होतं. त्याचं नाव फेटा. हे डोक्याला गुंडाळायचं नसतं, मुलांनो, खायचं असतं.

दूध घरचंच होतं. सगुणाबाईने ते विरजून घट्ट केलं, फडक्यात बांधून टांगलं, चांगलं निथळू दिलं. मग जाड वड्या कापून मडक्यात मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. काही दिवसांनी एक वडी काढून चाखली. पांढरीशुभ्र, खुराने दाबली की भुसभुशीत. जिभेवर आधी खारट, मग आंबूस, आणि सगळ्यात शेवटी दुधाची गोडी. तिने ती काकडीवर कुस्करून लेकीला दिली. लेक नुसती खात राहिली. सुनेने पालकाच्या पोळीत भरून पाहिली. विस्तवावर ठेवली तर पठ्ठी वितळेना, नुसती कडेने लालसर झाली.

"आई, तुम्ही वाचलात," सून म्हणाली.

सगुणाबाईने पानात बांधून वडी दरबारात पाठवली.

आता दरबाराची रीत ऐका. महाराजांच्या पुढ्यात जाणारा प्रत्येक पदार्थ आधी चाखून बघायचा. दारावर तरस चाखणार, मुदपाकखान्यात अस्वल चाखणार आणि शेवटी प्रधान कोल्होबा चाखणार. आणि या जंगलात चाखणं म्हणजे चाटणं. नदीकाठच्या खारट दरडीला चाटतच सगळे लहानाचे मोठे झालेले. त्यात पावसाने दरडीवरचं मीठ धुऊन नेलेलं. श्रावणात सगळ्यांच्या जिभा मिठासाठी नुसत्या वळवळत होत्या.

तरसाने वडी चाटली. पुन्हा चाटली. "नीट कळलं नाही," असं म्हणून उलटी करून चाटली. मग ती अस्वलाकडे गेली. अस्वल कामात फार चोख, त्याने एक कोपरासुद्धा सोडला नाही. कोल्होबांनी तर वडी घरी नेऊन सहकुटुंब तपासली.

महाराजांपुढे जे आलं ते गुळगुळीत, बुळबुळीत आणि पार बेचव होतं.

"हे काय, साबण?" महाराजांनी विचारलं.

"तिकडे असंच खातात म्हणे," कोल्होबा म्हणाले.

सगुणाबाईला निरोप गेला: फारच अळणी. तिला काही समजेना. खारवलेलं चीज अळणी कसं लागेल? पण जिवाशी गाठ होती. तिने मडक्यात मूठभर मीठ वाढवलं आणि दुसरी वडी पाठवली.

ती तरसाला पहिलीपेक्षा जास्त आवडली. अस्वलाने तिच्यावर दुपार घालवली. महाराजांना या वेळी अंगठ्याएवढं काहीतरी मिळालं, तेही ओलं.

निरोप आला: अजून अळणी. श्रावण संपत आलाय याची सगुणाबाईने नोंद घ्यावी.

मग मात्र सगुणाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "मेल्या राजाच्या जिभेला झालंय तरी काय," असं म्हणत तिने मडक्यात दिसेल तेवढं मीठ ओतलं. ढवळायला घेतलेली काठी मडक्यात उभी राहिली. श्रावणाच्या शेवटच्या दिवशी तिने वडी पानात बांधली, लेकीसुनांचा निरोप घेतला आणि स्वतःच दरबारात निघाली. नाहीतरी तिला तिथे जायचंच होतं.

"आण इकडे," तरस मिटक्या मारत म्हणाला. त्याने जीभ लावली. त्याचे कान ताठ झाले, डोळ्यांतून पाणी आलं. पण चीज समजत नाही असं कसं सांगायचं? आणि अस्वलाला का सोडायचं?

"उत्तम आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आत न्या लवकर."

अस्वलाने जीभ टेकवली आणि लगेच आत ओढून घेतली. "वा," ते म्हणालं, "प्रधानजींना फार आवडेल." कोल्होबांनी टोकाला जरा चाटलं आणि बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "महाराजांचा मान आधी."

सगुणाबाई हे सगळं बघत होती. आपली अळणी वडी कुठे अळणी होत होती, ते तिला आत्ता कळलं. पण आता कळून काय उपयोग होता? पाटावर केळीचं पान मांडलेलं होतं. मीठ-लिंबूसुद्धा वाढून ठेवलं होतं. मधली जागा तेवढी रिकामी होती.

महाराजांनी अख्खी वडी एका घासात गिळली.

तसेच उठले, दरबारातून थेट नदीवर गेले आणि प्यायला लागले. दुपार झाली तरी पीतच होते. तिन्हीसांजेला परतले तेव्हा प्रत्येक पावलाला पोटात पाणी डचमळत होतं. पानावर नजर गेली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"जेवणाचं नाव काढू नका," महाराज म्हणाले. "एक द्राक्ष मावायचं नाही."

दुसऱ्या दिवशीही त्यांना भूक लागली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना त्यांना स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. पोट सपाट झालं होतं. आपल्याला कंबर आहे हे महाराजांना प्रथमच समजलं.

"परदेशात यालाच डाएट म्हणतात, महाराज," कोल्होबा म्हणाले. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक असायचं.

सगुणाबाईला कायमची माफी मिळाली. वर राजआहारतज्ज्ञ हे पद मिळालं, आणि रोज अगदी तशीच एक वडी पाठवायचा हुकूम झाला.

तेव्हापासून सगुणाबाई दोन मडकी लावते. घरच्या मडक्यात मीठ बेताचं. ती वडी काकडीवर कुस्करतात, पालकाच्या पोळीत भरतात आणि लेकीसुना बोटं चाटतात. दरबारच्या मडक्यात ती डोळे मिटून मीठ ओतते.

"आई, एकदा त्यांनाही चांगली वडी पाठवू या की," सून म्हणाली.

"पाठवली होती बाई," सगुणाबाई म्हणाली, "मी दोनदा मरता मरता राहिले."

तात्पर्य: काम नेहमी उत्तमच करावं, पण ते घरी ठेवावं. वर पाठवायचं असेल तर थोडं बिघडवून पाठवावं, म्हणजे ते अखंड पोहोचतं.