रंगाला हात लावायचा नाही

आमच्या कसब्यातल्या बिल्डिंगमध्ये वसंतराव कदमांच्या गाडीवर कावळा बसलेला चालायचा, माणसाने टेकलेलं चालायचं नाही. मी एकदा टेकलो. "अहो, भिंत तिकडे आहे," एवढंच म्हणाले.

गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, विलायती. वसंतरावांच्या लेखी जगात दोनच प्रकार: ओरिजिनल आणि नटवलेलं. हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा, तो ओरिजिनल. पावसात छत गळायचं, तेही ओरिजिनल. आत बसणाऱ्याने छत्री उघडायची. मी नवा वायपर सुचवला, तर म्हणाले, "तुम्ही कवळी बसवलीत म्हणून सगळ्यांनी बसवायची का?" कवळी मला उत्तम बसते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मोटारीसाठी नंबर लावून वाट बघायचे दिवस संपले होते. खाली पार्किंगमध्ये चकचकीत गाड्यांची रांग, आणि त्यात ही कळकट बया. वसंतरावांचा मुलगा निखिल हडपसरला आयटीत. लग्नाची वरात याच गाडीतून काढायची, पण नवा रंग देऊन, असा त्याचा हट्ट.

"बाबा, गंजतेय ती. अजून एक पावसाळा गेला तर पत्रा हातात येईल."

"येऊ दे."

बापलेकांचं बोलणंच बंद झालं. शेवटी मी मध्ये पडलो आणि वसंतरावांना राजी केलं. निदान मला तसं वाटलं.

स्वारगेटजवळच्या गॅरेजात पेंटरने जुना रंग घासायला पॉलिश पेपर हातात घेतला मात्र, वसंतराव गाडीत जाऊन बसले आणि दारं आतून लॉक केली.

"काका, उतरा ना."

"मीही ओरिजिनलच आहे. आधी मला घासा."

निखिल भडकला. मीही वैतागलो, माझी दुपारची झोप बुडाली होती. म्हटलं, "वसंतराव, पोराचं लग्न आहे. हट्टाला काही मर्यादा आहे की नाही?"

मग काच खाली करून त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. मधोमध तळहाताएवढा लालसर डाग होता. इतकी वर्षं मी तो गंजच समजत होतो. वाकून पाहिलं, तर स्वस्तिक. वसंतरावांच्या पत्नी, मालतीवहिनी, होत्या तोवर दर दसऱ्याला ओल्या कुंकवाने नेमक्या तिथेच काढायच्या. ते रंगात मुरलं होतं.

"दरवर्षी ओरडायचो तिच्यावर," वसंतराव म्हणाले. "ओरिजिनल रंगाची वाट लावतेस म्हणून."

निखिलने पेंटरच्या हातातून पॉलिश पेपर काढून घेतला. "बाबा, आधी सांगायचं ना हो."

वसंतराव खाली उतरले. "बाकी सगळं नवं कर. वाटलं तर गुलाबी कर. एवढं सोड."

"काका, मधेच ठिगळ दिसेल," पेंटर म्हणाला.

"दिसू दे."

मग त्या जागेवर नवा रंग बसू नये म्हणून लावायचा कागद त्यांनी स्वतःच चिकटवला. कडा सुटू नयेत म्हणून अंगठ्याने दाबत राहिले, आणि निखिलने दुसरी बाजू धरली.