कोतवालकाका आणि मागचा मेसेज

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तुम्ही नुसतं 'शुभ सकाळ' लिहून बघा. कोतवालकाका तुमचा मागच्या उन्हाळ्यातला मेसेज शोधतील, तो वर ओढतील आणि खाली लिहितील, 'शुभ सकाळ. पण हे कोण म्हणालं होतं?' वर असेल: 'टँकरचं मी बघतो.'

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. तिथे म्हणे मागच्या पत्राचा संदर्भ दिल्याशिवाय पुढचं पत्र हलायचं नाही. "संदर्भाशिवाय उत्तर नाही," हे त्यांचं ब्रीद.

तळमजल्यावरचे बोरसेअण्णा वारले, तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. काकांनी अण्णांचाच जुना मेसेज वर घेतला: 'उद्या टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.' आणि खाली लिहिलं, 'भरून ठेवलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली.'

अण्णांच्या मुलाने विचारलं, 'काका, जरा तरी कळतं का?'

काकांनी लगेच त्याचा दिवाळीतला मेसेज काढला: 'काका, तुम्ही आपल्या सोसायटीचा आधार आहात.'

मी ग्रुपवर कधी लिहीत नाही. दिंडोरीकडच्या खेड्यात चौथी शिकलेली बाई मी. माझी एखादी वेलांटी चुकली, तर काका ती जन्मभर सांभाळून ठेवतील. म्हणून परवा ते दारात उभे दिसले तेव्हा आधी फोन उघडून बघितला, चुकून काही गेलं तर नाही ना.

"वहिनी," ते म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगमध्ये तुम्ही एकट्याच अशा, ज्यांचं माझ्याकडं काही नाही."

मी चहा ठेवला. मग हळूहळू कळलं. त्यांच्या मुलीने, मेघाने, स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं आणि घरच्या ग्रुपवर कळवलं. काकांनी तिचा जुना मेसेज वर ओढला: 'बाबा, तुम्ही म्हणाल तिथेच करीन.' खाली नेहमीचंच, 'हे कोण म्हणालं होतं?' सगळ्या मामा-मावश्यांसमोर. मेघा ग्रुपमधून बाहेर पडली, बापाशी बोलणं टाकलं. लग्नालाही बोलावलं नाही. आता तिला दिवस गेलेत, हे काकांना भाजीबाजारात परक्या बाईकडून समजलं.

"लिहायला बसलो की आधी संदर्भच सुचतो," काका म्हणाले. "त्याच्याशिवाय कसं लिहायचं?"

"कशी आहेस, एवढंच लिहा."

"वर काही नको?"

"नको."

"निदान विषय?"

"काका, मुलगी आहे ती तुमची. तहसीलदार नाही."

इतकं मी घरातही कुणाला बोलत नाही. माझेच कान तापले. काका मात्र निमूट लिहू लागले. दोनदा त्यांचा अंगठा जुन्या मेसेजकडे गेला, दोनदा त्यांनी माझ्याकडे बघून तो मागे घेतला. शेवटी 'कशी आहेस?' गेलं.

थोड्या वेळाने मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिने वाचलं. मेघा काहीतरी लिहीत असल्याचं वर दिसलं. मग ते गेलं. परत दिसलं, परत गेलं.

"चहा निवतोय," मी म्हणाले.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"लिहू दे तिला," ते हळूच म्हणाले. "घाई नाही."