पान उजवीकडचं

ताईला पीएचडीचा प्रबंध पाचच्या आत विद्यापीठाच्या कार्यालयात द्यायचा होता आणि पावणेतीनला मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"एपीए नको. सगळे संदर्भ एमएलए शैलीत करा."

म्हणजे प्रत्येक आडनावापुढचं साल खोडून तिथे पान क्रमांक घालायचा. ताईचा विषय होता 'दुपारची झोप आणि कामाचा उरक'. पाच वर्षांची मेहनत, दोनशे अकरा संदर्भ. दोनशे दहांना पानं होती. उरलेला एक समोर दिवाणावर घोरत होता.

ते तिचे बाबा, निवृत्त पोस्टमास्तर. गेल्या वर्षी झोपेत ते म्हणाले होते, "जागं राहणं ही नुसती सवय आहे." ताईने ते आडनाव-सालासकट प्रबंधात घातलं. अख्खं तिसरं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं.

पंखा पेंगत फिरत होता. पडदा फुगायचा, जरा विचार करायचा आणि परत खाली बसायचा.

"बाबा, पान कितवं?" तिने त्यांच्या कानाशी विचारलं.

"उजवीकडचं," बाबा झोपेतच म्हणाले.

"नंबर सांगा ना!"

"दुमडून ठेवलंय बघ."

"अगं, झोपलेल्या माणसाला काय विचारतेस?" आई आतून ओरडली. "जागेपणी तरी कुठे धड सांगतात!"

चारला सरांचा पुन्हा फोन. "या एकाला पान नाही? आणि आडनाव तुमचंच दिसतंय."

"योगायोग, सर. पान... उजवीकडचं आहे."

'हे मी वाचलेलं नाही' असं सर तीस वर्षांत कुणाला म्हणाले नव्हते.

"हं, आठवलं," ते सावकाश म्हणाले. "दुमडलेलं ना? माझ्याही प्रतीत तसंच आहे. त्या पानांना क्रमांक नसतोच. द्या तसंच."

दुमडलेलं असल्याचं ताईने त्यांना सांगितलंच नव्हतं. पाचला दहा कमी असताना प्रबंध दाखल झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी नेमका तोच संदर्भ काढला आणि डोळे मिटले.

"थोर ग्रंथ. पण तुम्ही पहिली आवृत्ती का वापरलीत? दुसरीत त्यांनी मत बदललंय."

"हो, पार बदललंय," सरांनी मान डोलावली.

"दुसरी बघून आठवड्यात दुरुस्ती द्या. मग पदवी," परीक्षक म्हणाले.

ताई घरी आली. पडदा विचार करत होता. तिने दिवाणाशी खुर्ची ओढली, वही उघडली आणि वाट बघत बसली.

बऱ्याच वेळाने बाबांनी सुस्कारा सोडला आणि कूस बदलली.

ताईने घाईघाईने पानाच्या वर लिहिलं : आवृत्ती दुसरी, सुधारित.