देवाच्या प्रवेशाला हार्मोनिक

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात गिटार हातात धरणारे आहेत दोघेतिघे. हार्मोनिक काढणारा मात्र मी एकटा! इलेक्ट्रिक गिटारची तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं, तार छेडायची आणि लगेच बोट उचलायचं. घंटेसारखा स्वच्छ सूर निघतो. "नुसतं टेकायचं आणि उठायचं? मग तुला जमणारच," असं माझी बायको तनया म्हणते. घरात कलेची कदर नसते, हे मी केव्हाच मान्य केलंय.

तर, जत्रेच्या नाटकाचा दिग्दर्शक सगुण याला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "देवाच्या प्रवेशाचं संगीत माझं! घरीच रेकॉर्ड करतो."

"आज पाचच्या आत पाठव," तो फोंड्याहून फोनवर म्हणाला, "नाहीतर कॅसिओवाला तयारच आहे."

कॅसिओवाला! त्याच्याकडे देवाला, राक्षसाला आणि मध्यंतराला एकच धून! नाटकाच्या माईकवरून आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव पुकारलं जाणार होतं. ते मी त्या कॅसिओच्या घशात घालणार नव्हतो.

दुपारची वेळ धरली. जेवून आमचा सगळा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, आडवी होते, तेव्हा कुत्रंही भुंकत नाही. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, गिटारच्या अँप्लिफायरसमोर, म्हणजे अँपसमोर, माईक ठेवला आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं. घामाने निथळत पहिला हार्मोनिक छेडला. टण्णऽऽ! अहाहा! अंगावर काटा आला.

काटा फक्त माझ्याच अंगावर आला नव्हता. दारावर धडाधड थापा पडल्या. शेजारची सुशीलाकाकी!

"गौरेशा, राखणदार फिरता रे! काठयेची घुंगरां वाजली, म्हाका सारकी आयकूं आयली!"

राखणदार म्हणजे हातात घुंगरांची काठी घेऊन आमच्या गावाची वेस राखणारा अदृश्य देवचार. भर दुपारी तो फेरी मारतो म्हणतात.

"काकी, ती माझी गिटार!"

"गप रे! गिटार म्हाका खबर ना? ती ढँव ढँव करता!"

तोवर गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारे बाबुराव आले. मागून अख्खा वाडा आला. आवाज माझ्या घरातून आला, म्हणजे राखणदार माझ्याच घरात उभा, असं परस्पर ठरलं!

"काका, थांबा! वाजवूनच दाखवतो!"

"वाजय," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी शांतपणे मेन स्विच बंद केला. "राखणदाराक इजेचो उजवाड सोसना."

विजेविना इलेक्ट्रिक गिटार! मी जीव तोडून छेडली. टिक्.

"पाल बोलली!" सुशीलाकाकी किंचाळली. "म्हणजे खरें!"

"अहो पाल नाही! मेन चालू करा!" मी ओरडलो. "तनया, तू तरी सांग यांना!"

तनयाने ओढणी डोक्यावर घेऊन केव्हाच हात जोडले होते. "वाद घालू नकोस. नमस्कार कर."

राखणदाराच्या नैवेद्याचे उंडे पाव आणि केळी माझ्या अँपवर मांडली गेली. वर फेणी शिंपडली. माझ्या अँपवर! मी कपाळाला हात लावला.

"बा राखणदारा म्हाराजा!" बाबुरावांचा आवाज घुमला. "ह्या भुरग्याचें कितेंय चुकलां जाल्यार पदरांत घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ताका बरी बुद्ध दी!"

"व्हय म्हाराजा!" यात तनयाचा आवाज सगळ्यात मोठा.

सगळे गेल्यावर मेन चालू केला. फेणी प्यालेला अँप नुसता घुरघुरला आणि गप्प झाला. पाच वाजायला आले होते. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे रेकॉर्डिंग मात्र पहिल्यापासून चालूच होतं. कापाकापीला वेळ कुठला! सगळं तसंच पाठवलं आणि लिहिलं, "सुरुवातीचा सूर तेवढा घे."

लगेच सगुणचा फोन. तो तनयाने उचलून माझ्याकडे दिला. "गौरेश, कमाल! ते गाऱ्हाणं कोणाचं रे? अंगावर शहारा आला! उद्या त्यांना विंगेतच उभं करतो!"

"आणि माझा हार्मोनिक?"

"ते टण्ण? ते कापलं. देवाबिवाचं काही वाटत नाही रे. सिलिंडरवाला आल्यासारखं वाटतं!"

अख्खा वाडा ज्या सुरापुढे हात जोडून उभा राहिला, तो म्हणे सिलिंडरवाला! ही गोष्ट तनयाला कळू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण फोन तिनेच स्पीकरवर टाकला होता!