बगळेसर आणि उष्टा घास

एका जंगलात, मुलांनो, रानम्हशींचा कळप राहत होता. या गोष्टीत वाघ नाही. मी आधीच पाहून घेतलंय, तेव्हा निवांत बसा.

म्हशी सकाळी भराभर चरायच्या. दुपारी करंजाखाली बसून तेच गवत पोटातून तोंडात आणायच्या आणि सावकाश चावायच्या. याला रवंथ म्हणतात. त्यानेच खाल्लेलं अंगी लागतं, दूध होतं. हे म्हशींना कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता.

कळपामागे एक बगळा हिंडे. म्हशी चालल्या की गवतातले किडे उडत, ते तो टिपे. म्हशी बसल्या की किडेही बसत आणि बगळा उपाशी राही. तो अगदी पांढराशुभ्र होता, म्हणून सगळे त्याला बगळेसर म्हणत.

एके दुपारी तो झिपरी म्हशीच्या पाठीवर धप्पकन उतरला. ती केवढ्यानं दचकली! तिचं रेडकू अजून अंगावर पीत होतं.

"काय चावतेस गं?"

"सकाळचं गवत, सर."

"सकाळचं? म्हणजे शिळं? आणि वर उष्टं?"

"माझंच उष्टं आहे."

"लेकुरवाळी तू! शिळ्यानं विष साठतं, ते दुधात उतरतं. मी आपलं सांगितलं. पुढे तुझं तू बघ."

झिपरीने घास थुंकला. मग शेजारणीने थुंकला. मग सगळ्यांनीच.

दुपारचं बसणं बंद झालं. म्हशी दिवसभर ताजं ताजं खात हिंडू लागल्या. कुरणात अर्धवट चावलेल्या गवताचे ढीग साचले आणि उरलेल्या कुरणाला टक्कल पडलं. म्हशींच्या फासळ्या वर आल्या.

"किती हलक्या दिसताय!" बगळेसर म्हणाले. त्यांचं पोट मात्र सुटलं होतं.

झिपरीचं दूध आटलं. रेडकू आधी ढुशा देई. मग ते उठेनासंच झालं.

"सर, बाळ उठत नाही हो."

"विष बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे."

थोरली म्हैस हे ऐकत होती. "अगं, खाली बस आणि मुकाट्यानं रवंथ कर."

"कुणी पाहिलं तर?"

"मी आडवी उभी राहते."

झिपरी रोज झुडपामागे बसू लागली. भीत भीत चावू लागली. हळूहळू दूध उतरलं. रेडकू प्यालं, उठलं आणि एके सकाळी सगळ्यांदेखत शेपटी उडवत पळत सुटलं.

कळप बगळ्याभोवती जमला. थोरलीच्या सांगण्यावरून झुडपामागे बसून रवंथ केल्याचं झिपरीने सांगून टाकलं. "सर, हे कसं काय हो?"

बगळेसरांनी मान आखडली. "पुनर्चर्वण! अगदी नवीन आहे. दुधाला उत्तम. फक्त बसून करायचं नाही. बसून केलं की ते शिळं, चालत केलं की ताजं."

सगळ्या म्हशी थोरलीकडे वळल्या. "बघ! आणि तू तिला बसायला सांगत होतीस."

झिपरीने रेडकाला पुढे घातलं आणि चावत चावत चालू लागली. तिच्या पायांखालून किडे उडत होते.

तात्पर्य: आपल्या पोटाला काय मानवतं ते आपल्याला कळतच असतं. तरीही, आपल्या चालण्यावर ज्याचं जेवण अवलंबून आहे, त्याला विचारल्याशिवाय कधीही खाली बसू नये.