रेघ नसलेलं रिव्हॉल्व्हर

आमच्या काउंटीत पिस्तूल क्लब एकच आहे, आणि त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नेमबाजी स्पर्धेसाठी नेमलेल्या ओळख-समितीचा मी चिटणीस आहे. पद मानाचं आहे. १९४० नंतरचं रिव्हॉल्व्हर स्पर्धेत घुसू नये, एवढंच समितीचं मूळ काम होतं. मुठीखालचा नंबर वाचायचा, तोच नळीखाली आणि सिलिंडरच्या पाठीवर आहे ना ते पाहायचं, आणि नेमबाजाला म्हणायचं, जा, मार. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांच्या कामाला समिती नेमली की काय होतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचे अध्यक्ष ड्वाइट फेन्स्टरमाखर हे निवृत्त विमा एजंट. त्यांच्या गोळीपासून सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्यांचं लक्ष्य. रिव्हॉल्व्हर मात्र त्यांच्याकडे असं, की जाणकारांनी टोप्या काढाव्यात. मूळ खोकं, खोक्यात मूळ स्क्रू-ड्रायव्हर, आणि सिलिंडरवर रेघ नाही. रिव्हॉल्व्हर चालवलं की सिलिंडर फिरतो, खालची खिट्टी त्याच्या निळ्या झिलईवर घासते आणि बारीक रेघ उमटते. रेघ नाही, म्हणजे ते कधी चालवलेलंच नाही. ड्वाइटनी ठराव मांडला, की शंभरातले वीस गुण रिव्हॉल्व्हरच्या अवस्थेला असावेत. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण बाकीच्यांचाही नेम फारसा बरा नव्हता.

पुढच्या वर्षी विसाचे पन्नास झाले, मग शंभर. कुणी म्हणालं, जुन्या रिव्हॉल्व्हरात नवी काडतुसं हा ढोंगीपणा आहे. म्हणून काडतुसंही त्याच काळातली, खोक्याचं सील न फोडलेली असावीत असं ठरलं. मग लक्ष्याचे कागदही १९३८च्या छपाईचे आले, आणि त्यांना भोक पाडणाऱ्याचे दहा गुण कापण्याचा नियम झाला. गेली तीन वर्षं आमच्या स्पर्धेत आवाज झाला तो फक्त कॉफीच्या थर्मासच्या बुचाचा.

अशात आर्लीन होस्टेटर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. ब्रेडच्या पिशवीतून त्यांनी रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं.

"ब्रेडच्या पिशवीत?" ड्वाइटना पांढरे हातमोजे चढवणं सुचेना.

"मग काय पाळण्यात घालून झोके देऊ? कोरडी आहे पिशवी. हे बघा, माझे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतो, पुढच्या सप्टेंबरातल्या स्पर्धेला नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसायची नाही. भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर बाबांचं नाव तीनदा आहे. त्याखाली माझं एकदा लागू दे, बस्स."

समितीने भिंग लावलं. नंबर तिन्ही ठिकाणी जुळले. साल १९३१.

"मूठ मूळ नाही," ड्वाइट म्हणाले.

"बाबांचे हात मोठे होते. जाड मूठ बसवून घेतली त्यांनी."

"हातांचा काही पुरावा?"

"अहो, चौऱ्याऐंशी साली गेले ते!"

'हात उपलब्ध नाहीत,' अशी मी नोंद केली.

आठवड्याने बाईंनी माळ्यावरून मूळ मूठ शोधून आणली. तोवर ड्वाइटना सिलिंडरवरची रेघ दिसली होती. ठसठशीत होती. त्यांनी चष्मा काढला.

"आर्लीन, सांगायला वाईट वाटतं. हे चालवलेलं आहे."

"रिव्हॉल्व्हर आहे ते, ड्वाइट! चालवायचं नाही तर काय, लोणचं घालायचं?"

मी धीर करून म्हणालो, की सिलिंडर बसला की जराही हलत नाही, नळीतल्या गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा स्वच्छ आहेत, चाप कुठे अडखळत नाही. नेमबाजीसाठी याहून चांगलं रिव्हॉल्व्हर क्लबात दुसरं नाही. ड्वाइटनी गुणांचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"त्याला रकाना नाही," ते म्हणाले.

तरी बाईंना भाग घेण्यापासून अडवता आलं नाही. गोळी झाडायला नियमात बंदी नाही; फक्त प्रत्येक गोळीमागे दहा गुण वजा होतात.

स्पर्धेच्या शनिवारी अकरा मखमली गाद्यांवर अकरा रिव्हॉल्व्हरं आणि त्यांमागे अकरा सभ्य गृहस्थ होते. बाराव्या जागी आर्लीनबाई डावा हात खिशात घालून उभ्या राहिल्या आणि पंचवीस यार्डांवर त्यांनी पहिली गोळी झाडली.

"अरे, गोळी झाडतंय कोणीतरी!" एक सदस्य ओरडला आणि त्याच्या हातातलं सँडविच पडलं.

सहा गोळ्या, सहाही दहाच्या वर्तुळात. रेघेचे कापून अवस्थेचे गुण साठ, त्यातून गोळ्यांचे साठ गेले, लक्ष्याला भोकं पाडल्याचे दहा गेले. एकूण उणे दहा. सहा अचूक नेमांना रकाना नव्हता. ड्वाइट अठ्ठ्याण्णव गुण मिळवून जिंकले. एकदा रिव्हॉल्व्हरजवळ शिंकल्याबद्दल त्यांचे दोन कापले होते. निकालावर सही माझी आहे. करताना लाज वाटली, पण केली.

बाई आपल्या पिकअपपाशी उभ्या होत्या.

"तुला तरी आवाज आवडला का रे?" त्यांनी विचारलं.

"फार आवडला."

"मग हे तूच घे. कागदपत्रं रीतसर करू. अट एकच. वर्षातून एकदा सहा गोळ्या मारायच्या. नुसतं बसून राहता कामा नये ते."

याला चार वर्षं झाली. रिव्हॉल्व्हर माझ्या बैठकीत काचेच्या कपाटात आहे. खाली पितळी पाटी केली आहे: 'आर्लीन होस्टेटर यांनी शेवटचं चालवलेलं'. आता मी ते चालवलं, तर पाटी खोटी ठरेल. येणारा प्रत्येक जण पाटी वाचून हळवा होतो. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. त्यांना आता काही दिसत नाही.

"मारल्यास का सहा?"

"मारल्या. सहाच्या सहा दहात!"

त्या इतक्या खूश झाल्या, की मलाही क्षणभर ते खरं वाटलं.

तोंड वाकडं करू नका. तुमच्या शोकेसमधल्या त्या सोनेरी काठाच्या कपबशीतून शेवटचा चहा कोण प्यायलं आणि कधी, तेवढं आधी सांगा. मग माझ्याकडे बोट दाखवा.